नगरपरिषदेत जाण्याआधी: पिशवीत काय हवं, काय विचारून जावं

सकाळी अकराच्या सुमाराला नगरपरिषदेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कागद पुरे नाहीत, उद्या या." ज्याची दिवसाची मजुरी बुडते किंवा जो लांबच्या वस्तीवरून एसटीने येतो, त्याला हा 'उद्या' फार महाग पडतो. शेजारपाजारच्यांसोबत मी या खिडक्यांवर बरीच वर्षं जाते आहे. परत फिरलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांचं काम घरीच अर्धा तास बसून नीट लावता आलं असतं, हे बघून जीव तुटतो. म्हणून ही तयारी लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी काम नगरपरिषदेचंच आहे ना, हे बघा. सातबारा तलाठ्याकडे मिळतो (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे). मालमत्ता पत्रक, म्हणजे आपण म्हणतो ते प्रॉपर्टी कार्ड, भूमापन कार्यालयाचं. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे होतं आणि उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला तहसीलचा. नगरपरिषदेकडे जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, घरपट्टी, पाणीपट्टी, नळजोडणी, बांधकाम परवानगी, कचरा, गटार आणि रस्त्यावरचे दिवे ही कामं असतात. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे घर आपल्या मालकीचं झालं, असा समज घराघरांत आहे. तो खरा नाही. तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, मालमत्ता पत्रक अशा कागदांवरून. भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर हे विसरू नका.

आता जन्माचा दाखला. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त हेलपाटे याचेच होतात. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथेच होते, आई-वडील राहतात तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नवऱ्याचं घर एका जिल्ह्यात, मूल जन्मलं दुसऱ्या जिल्ह्यात आणि ऐनवेळी दवाखाना गाठला तिसऱ्याच शहरातला. नोंद त्या तिसऱ्या शहरात. तेव्हा दाखला काढायला निघण्याआधी आईला किंवा आजीला तीन गोष्टी विचारा: बाळंतपण कोणत्या गावात झालं, कोणत्या दवाखान्यात झालं आणि तारीख कोणती. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर सोन्याहून पिवळं, त्यावर हे तिन्ही असतं.

माझ्या मुलीच्या बाबतीत मी स्वतः हे केलं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना पासपोर्टसाठी दाखला काढायला गेले. कर्मचाऱ्याने लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं आणि पानावरून बोट फिरवत आमच्या ओळीवर थांबला. तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, लिंगाच्या रकान्यात 'स्त्री', आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झाली होती आणि नंतर नाव कळवायला कोणी गेलंच नव्हतं. आईच्या रकान्यात माझं माहेरचं नाव होतं आणि माझ्या आधारकार्डावर सासरचं. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या प्रमाणपत्रापर्यंत कागद गोळा करून ते सरळ करायला पुढचे दोन महिने गेले.

म्हणून नियम नीट लक्षात ठेवा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार 21 दिवसांत नोंद करायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. महाराष्ट्रात 2025 पासून या वर्षानंतरच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे, त्यामुळे ती वेळ येऊच देऊ नका. नोंद नावाशिवाय झाली असेल तर बाळाचं नाव 12 महिन्यांत विनाशुल्क लावता येतं आणि त्यापुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. बारसं झाल्याच्या आठवड्यातच हे काम उरकून टाका. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित कायदा लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, लग्नाची नोंदणी अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. त्यांच्या आजीला शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आयुष्य काढता आलं, त्यांना ते जमणार नाही.

नावांची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती पुढच्या प्रत्येक अर्जाला लागू आहे. निघण्याच्या आदल्या रात्री घरातले सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा: आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लाईटबिल, घरपट्टीची पावती. प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. कुठे 'बाळासाहेब' आणि कुठे 'बाळकृष्ण', कुठे 'राव' लागलेला आणि कुठे नाही, बायकांची तर माहेरची आणि सासरची अशी दोन-दोन नावं. फरक सापडला तर तो खिडकीवर नव्हे, घरीच सापडायला हवा. जन्म-मृत्यूच्या नोंदीत लिहिण्यातली साधी चूक असेल तर ती त्याच 1969 च्या कायद्याच्या कलम 15 खाली नोंदणी करणारे निबंधक पुरावा बघून दुरुस्त करू शकतात. पूर्ण नावच वेगळं असेल तर त्याला जोडणारा कागद आधी मिळवा: लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र.

मृत्यूच्या नोंदीलाही ठिकाणाचा तोच नियम. माणूस आपल्या गल्लीतला असला तरी शेवटचा श्वास मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घेतला असेल तर नोंद त्या शहरात. अंत्यसंस्कार इथे झाले म्हणून दाखला इथे मिळत नाही. मृतदेह घेऊन परत येण्याच्या गडबडीत दवाखान्यातून निघताना कोणीतरी एकाने शांत डोक्याने विचारून घ्यावं: नोंदणीचा फॉर्म भरला का, त्यात नाव, वय आणि पत्ता काय लिहिला. मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मृत्यूचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीची पावती जपून ठेवा, 21 दिवसांची मुदत इथेही आहे. दाखल्याच्या प्रती एकदम पाच-सहा काढा. बँक, विमा, पेन्शन, घरपट्टीवरची वारसनोंद, सातबाऱ्यावरची वारसनोंद, वीजमीटरचं नाव, सगळीकडे एकेक जाते. दुःखात असलेल्या बाईला त्यासाठी चार वेळा रांगेत उभं करू नका.

लग्नाची नोंदणी 1998 च्या राज्याच्या कायद्याखाली होते. लग्नापासून 90 दिवसांत अर्ज करायचा आणि तीन साक्षीदार न्यायचे. वधू-वरांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, एकत्र फोटो आणि साक्षीदारांचे ओळखपत्र एवढं लागतं. मूळ कागद दाखवायला बरोबर ठेवा. साक्षीदार नोकरीवाले असतील तर त्यांची रजा आधी ठरवा. नवरा-बायको आले आणि तिसरा साक्षीदार बस चुकल्यामुळे पोचला नाही, हे मी पाहिलं आहे.

घरपट्टीच्या कामाला जाताना गेल्या वर्षीची पावती न्या, कारण तिच्यावर मालमत्ता क्रमांक असतो आणि तो सांगितला की निम्मा शोध संपतो. बिलावरच्या ओळी एकदा वाचा: संकलित कर, शिक्षण कर, वृक्ष कर, घनकचरा शुल्क, मागील बाकी, शास्ती. ही शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, दरमहा 2 टक्क्यांनी चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. हजार रुपयांचं बिल चार वर्षं बाजूला ठेवलं तर किती होईल, हे घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्या. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, म्हणजे घराचा कर नव्याने ठरवला जातो, आणि त्या वेळी घरी नोटीस येते. ती कपाटावर टाकू नका. क्षेत्रफळ बरोबर आहे का, पत्र्याच्या खोलीला स्लॅबचा दर लागला नाही ना, राहत्या घराला दुकान म्हटलेलं नाही ना, स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवला नाही ना, हे टेप घेऊन मोजून बघा. फरक असेल तर नोटिशीत छापलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला मोजमाप घेऊन हजर राहा. मुदत गेली की चार वर्षं तेच बिल.

नळजोडणीसाठी जागेच्या हक्काचा कागद, घरपट्टीची चालू पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला तयार ठेवा. रस्ता खोदायचा असेल तर त्याचं शुल्क वेगळं, ते आधी विचारा. प्लंबर नगरपरिषदेच्या परवान्याचाच लावा. आणि एक कळकळीने सांगते: नळाला थेट मोटर लावू नका. ते नियमात बसत नाही, आणि पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात तुमच्या मोटरीमुळे गल्लीच्या टोकाच्या घरात घागरसुद्धा भरत नाही.

घराबाहेरच्या नियमांचं थोडक्यात. घंटागाडीला ओला आणि सुका कचरा वेगळा द्या, डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. ते हाताने उचलणारं माणूस आपल्यासारखंच घरी जाऊन जेवणार असतं. कचरा पेटवू नका, त्याला दंड आहे. बंदी असलेल्या प्लास्टिक पिशवीला महाराष्ट्रात 2018 पासून पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड आहे. छोट्या दुकानदाराची ती आठवड्याची कमाई असते, तेव्हा त्यांनी तर माल भरतानाच बघून घ्यावं. अंगणातलं स्वतः लावलेलं झाड तोडायलाही 1975 च्या कायद्याने परवानगी लागते. पावसाळ्याआधी धोकादायक फांदी दिसली तर फोटो काढून अर्ज मे महिन्यातच द्या. ओटा किंवा पायऱ्या गटारावर येऊ देऊ नका. बांधकामाची वाळू रस्त्यावर टाकण्याआधीही विचारा.

आता अर्जाची तयारी. साध्या कागदावरचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहा, विषयाच्या ओळीत एकच काम लिहा, मोबाईल नंबर ठळक लिहा. झेरॉक्सवर स्वतःची सही केली की पुरतं. 2015 पासून राज्यात स्वसाक्षांकन चालतं आणि बऱ्याच कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरतं. प्रतिज्ञापत्र मागितलंच, तर सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 च्या आदेशाने माफ आहे, हे नम्रपणे सांगा. पाचशेचा स्टॅम्प घ्यायला धावू नका. गरीब माणसाचे हे पाचशे रुपये विनाकारण जाताना पाहवत नाहीत.

अर्ज कधीही नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. दोन प्रती न्या, आवक-जावक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच हाच तुमचा आधार. "साहेबांना सांगून ठेवलंय" याला कागदावर काही किंमत नाही. काम लोकसेवा हक्काच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यायच्या सेवांच्या यादीतलं असेल तर अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून करा. तिथे अर्ज क्रमांक मिळतो आणि त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. कोणत्या सेवेला किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी असलेला) कोण, अपील कोणाकडे, हे 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्यापुढे दुसरं आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बहुतेक वेळा अपील करावंच लागत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पोच दाखवून शांतपणे विचारलं की फाईल हलते.

डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत प्रभागांच्या हद्दी बऱ्याच ठिकाणी बदलल्या आहेत. दिवा, गटार, खड्डा अशा गल्लीच्या कामासाठी नगरसेवकाकडे जाणार असाल तर आपला प्रभाग आता कोणता, हे आधी बघा.

निघताना पिशवीत मूळ कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आणि झेरॉक्स दुसऱ्यात ठेवा. दोन पासपोर्ट फोटो, काळ्या शाईचं पेन, सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर त्यांचा चष्मा घ्या. अंगठा उमटत नाही अशी माणसं असतात, त्यांच्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल बरोबर हवा, ओटीपी त्याच्यावरच येतो. मार्चअखेरीला कराच्या खिडकीवर आणि जूनमध्ये दाखल्यांच्या खिडकीवर तुफान गर्दी असते, जमलं तर ते महिने टाळा.

आणि दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, तारीख, गाव, अक्षर न् अक्षर. मागचा माणूस घाई करेल, करू द्या. चूक तिथल्या तिथे दाखवली तर पुष्कळदा लगेच दुरुस्त होते, घरी जाऊन सापडली तर नवा अर्ज. घरी आल्यावर दाखला लॅमिनेट करू नका, स्कॅन करून मोबाईलमध्ये ठेवा, आणि पोच त्याच फोल्डरमध्ये त्याच्या मागे सरकवून द्या.