जुन्या विहिरीत, शेणखड्ड्यात उतरण्याआधी

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एकजण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा... पाच माणसं गेली.

कुजणाऱ्या शेणातून, गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतात. वर काठावर छान वारा असतो आणि चार पायऱ्या खाली श्वास घ्यायला हवाच नसते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच मागे फिरा. पण वास नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात समजू नका. कार्बन डायऑक्साइडला वासच नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं.

खाली हवा आहे का, हे कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. शेणखड्ड्यावर ती नकोच, तिथला मिथेन पेट घेऊ शकतो. तोंडाला ओला रुमाल बांधून तर काहीच उपयोग नाही.

आत कुणी कोसळला की पाय आपोआप खाली वळतात. आपलंच माणूस असतं, मी समजू शकतो. तरी तिथेच थांबा, दुसऱ्यालाही धरून ठेवा. १०१ किंवा ११२ ला फोन लावा, 'खाली गॅस आहे' हे आधी सांगा. माणूस शुद्धीत असेल तर वरून दोर टाका. उतरायचं ते श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनीच.

एरवी कामासाठी उतरावंच लागणार असेल, तर ते काम गॅस मोजायचं यंत्र असलेल्यांना द्या. आणि तुमच्या शिवारातल्या अशा विहिरीवर या आठवड्यातच जाळी बसवून घ्या.