टायलिंग विंडो मॅनेजर लिहायला बसायच्या आधी एवढं जमवून ठेवा

लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालणारा छोटासा टायलिंग विंडो मॅनेजर (उघड्या विंडो एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी बसवणारा प्रोग्राम) लिहायचा म्हटलं की सगळे आधी लेआउटला हात घालतात, मीपण तेच केलं, आणि ते एका शनिवारात उरकलंसुद्धा, कारण लेआउट म्हणजे एक चौकोन घ्यायचा आणि त्याचे तुकडे करून द्यायचे, बास. तो भाग वेगळा ठेवा, त्याला ओएसचं नावसुद्धा कळायला नको, आणि टेस्ट लिहून टाका. १३६६ रुंदीचा स्क्रीन तीन विंडोत वाटला की प्रत्येकीला ४५५ येतात आणि एक पिक्सेल उरतो, तो शेवटचीला द्यायचा हे आत्ताच ठरवा, नाहीतर उजव्या कडेला वॉलपेपर डोकावत बसतो.

खरी तयारी पुढे आहे. कुठल्या ओएसवर आपली सत्ता किती, हे आधी कागदावर मांडा. एक्स११ वर (लिनक्सची जुनी डिस्प्ले सिस्टीम) आपण घरमालक, रूट विंडोवर (सगळ्यांच्या मागची, अख्ख्या स्क्रीनएवढी विंडो) सबस्ट्रक्चर रिडायरेक्ट नावाचा हक्क घेतला की नवी विंडो दिसायच्या आधी आपल्याला विचारून येते, फक्त हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो, आधीचा मॅनेजर चालू असेल तर सरळ बॅड ॲक्सेसचा एरर, म्हणून झेफर (Xephyr, खिडकीत चालणारा एक्स११ सर्व्हर) टाकून घ्या म्हणजे चालू डेस्कटॉपच्या आतच एका खिडकीत ट्रायल घेता येते. विंडोज आणि मॅकवर मात्र आपण भाडेकरू. विंडो उघडून झाली की आपल्याला खबर लागते, मग आपण ती सरकवायची, त्यामुळे थोडं फ्लिकर होणारच, ते मनाला लावून घेऊ नका. वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले सिस्टीम) मॅनेजर आणि कंपोझिटर (सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर काढणारा प्रोग्राम) सहसा एकच असतात, म्हणजे स्वे या मॅनेजरसारखं डब्ल्यूएलरूट्स ही लायब्ररी घेऊन अख्खा कंपोझिटर उभा करायचा, आणि तुम्हाला टूल हलकं ठेवायचंय ना? मग पहिल्या व्हर्जनमधून वेलँड काढाच. डीडब्ल्यूएम या छोट्या मॅनेजरवाले २००० ओळींच्या आत राहतात ते एकट्या एक्स११ वर, तो आकडा बघून तीन ओएसचा हिशोब करू नका.

विंडोजसाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो विंडो कोणाला म्हणायचं यासाठी. एनमविंडोज (सगळ्या विंडोंची यादी देणारं विंडोजचं फंक्शन) चालवलं की ढीगभर हँडल, म्हणजे विंडोंचे ओळख-क्रमांक, येतात, त्यातल्या कितीतरी विंडो न दिसणाऱ्या, काही क्लोक केलेल्या (उघड्या, पण विंडोजने झाकलेल्या), काही टूलविंडो (छोट्या मदतनीस विंडो), आणि हे फिल्टर नीट नसेल तर अर्धा स्क्रीन एखाद्या भुताला दिला जातो. विंडोज १० पासून विंडोच्या कडेला अदृश्य बॉर्डर असते, म्हणून बरोबर मापं देऊनही मध्ये फटी दिसतात, खरी चौकट डीडब्ल्यूएमएपीआय या लायब्ररीकडून विचारून घ्या (हे विंडोजचं, वरच्या डीडब्ल्यूएमशी काही नातं नाही, नावाचा नुसता घोळ). ॲडमिन म्हणून उघडलेली विंडो आपण साध्या युजरने चालत असू तर हलतच नाही, तिला यादीतून वगळायची सोय हवी.

मॅकवर दुसऱ्या ॲपच्या विंडो हलवायला ॲक्सेसिबिलिटीची परमिशन लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण साइन न करता बिल्ड केलं तर पुढच्या बिल्डला सेटिंग्जमध्ये टिक दिसते आणि परमिशन प्रत्यक्षात नसते, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय, तेव्हा साइन करायला स्वतःचं एक सर्टिफिकेट आधीच बनवून ठेवा. अजून एक, विंडोची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात आणि एनएसस्क्रीन (स्क्रीनची मापं सांगणारा मॅकचा क्लास) खालच्या डाव्या कोपऱ्यापासून, दुसरा मॉनिटर लावला की हे अंगावर येतं. स्पेसेससाठी (मॅकचे व्हर्च्युअल डेस्कटॉप) पब्लिक एपीआय नाही, yabai (याबाई) या मॅकच्या मॅनेजरला त्यासाठी एसआयपी (मॅकचं सिस्टीम-संरक्षण) अर्धवट बंद करावं लागतं, एरोस्पेस या दुसऱ्या मॅनेजरने स्वतःचे वर्कस्पेस बनवून विंडो कोपऱ्यात ढकलायची वाट धरली, आपण तीच धरावी.

आणि तिन्हीकडे, विंडोला साइज सांगितली म्हणजे तिने ऐकली असं धरू नका, परत विचारा. काही ॲप ठरावीक मापाच्या खाली जातच नाहीत.

कीबोर्ड शॉर्टकट कॉन्फिगमध्ये ठेवा, विंडोजवर विन आणि एल आपल्याला मिळत नाही, ते सोडून द्या.

विंडो लपवायचा कोड लिहायच्या आधी परत आणायचा कोड लिहा. विंडो कुठे होत्या ते फाइलमध्ये टाकत राहा, आणि सगळ्या स्क्रीनवर आणून ठेवणारी एक वेगळी छोटी कमांड बनवा जी मॅनेजर मेला तरी चालेल. लिनक्सवर कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून दुसऱ्या टीटीवायवर (नुसत्या मजकुराच्या कन्सोलवर) लॉगिन होतंय का ते आधी बघून घ्या. विंडोजवर माझा एडिटरच स्क्रीनबाहेर जाऊन बसला होता, तेव्हा ऑल्ट स्पेस, मग एम, मग एक बाणाची की आणि माउस हलवला, आला परत.