शेततळ्यातले मासे आजारी पडतात तेव्हा: या चुका टाळा

खानापूर तालुक्यात माझी दोन तळी आहेत. रोहू, कटला आणि मृगळ वाढवून बेळगावच्या बाजारात देतो. सरकारी मदतीनं गावोगावी कृषी होंडा, म्हणजे आपलं शेततळं, व्हायला लागलं तसे मला फोन वाढले. मासे मरायला लागले की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कुठलं औषध टाकू?" मी आधी विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत तळ्यात काय काय टाकलंस? बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं.

कच्चं कोंबडीखत

माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर. नंदगडकडच्या एका तरुणानं वीस गुंठ्यांत तळं केलं. श्रावण संपून गणपती झाले की मासळीला मागणी येते, तोवर वजन भरावं म्हणून त्यानं पोल्ट्रीतलं ओलं खत एकाच दिवशी तीस पोती पाण्यात ओतलं. खतानं शेवाळ वाढून पाणी हिरवंगार झालं, आता माशांना खाणं भरपूर म्हणून तो खूश होता. चार दिवसांनी ढगाळ हवा आली आणि पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. खत कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि ढगाळ दिवसात शेवाळ तो पुरेसा भरून काढत नाही. पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

त्यातून जे वाचले त्यांना आठवडाभरात पोटावर लाल डाग उठले, पर फाटले, काहींचे खवले उभे राहिले. मला फोन आला, "काका, अंगावर रक्त साकळल्यासारखं दिसतंय की ओ." अशी लक्षणं बहुतेक वेळा एरोमोनास नावाच्या जिवाणूची असतात. तो प्रत्येक तळ्यात असतोच. मासा धट्टाकट्टा असेपर्यंत त्याचं काही चालत नाही. प्राणवायू कमी पडला, अमोनिया वाढला, अंग खरचटलं की तो आत शिरतो.

मी पोचलो तोवर त्यानं मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिकच्या चाळीस गोळ्या आणून, कुटून, पाण्यात टाकल्या होत्या. काठावर बसून मी त्याला हिशेब करून दाखवला. वीस गुंठे, पाच फूट पाणी, म्हणजे तीस लाख लिटर. पाचशे मिलिग्रॅमच्या चाळीस गोळ्या म्हणजे वीस ग्रॅम. एवढ्यानं जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. खाद्यातून द्यावं म्हटलं तर आजारी मासा आधी खाणंच सोडतो. औषध खातात ते धडधाकट मासे. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यपालनात बंद आहेत, आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर 2019 पासून बंदी आहे. तज्ज्ञानं मासा तपासून एखादं औषध सांगितलंच, तर ते माशाच्या अंगातून उतरेपर्यंत तो विकायचा नाही.

तो मात्र त्याच दुपारी डागवाले मासे क्रेटमध्ये भरून निघाला होता. मी क्रेट धरून ठेवला. नुकसान त्याचं होतं, मान्य आहे, पण ते मासे कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार होते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कोंबडीखतातून आणि ताज्या शेणातून साल्मोनेला आणि ई-कोलाय हे माणसाचं पोट बिघडवणारे जिवाणू पाण्यात येतात. त्यांनी मासा सहसा आजारी पडत नाही. तो चकचकीत दिसतो, आणि कातडीवर, कल्ल्यांत, आतड्यात ते जिवाणू घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जातो. डाग उठले तर किमान कळतं तरी.

मी कोंबडीखत वापरतच नाही. शेणखत घेतो, तेही खड्ड्यात दोन-तीन महिने पूर्ण कुजलेलं. पोत्यात बांधून खांबाला लटकवतो, थोडं थोडं सुटू देतो. टाकण्याआधी हात पाण्यात कोपरापर्यंत बुडवतो. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला, म्हणजे शेवाळ पुरेसं आहे, तर त्या आठवड्यात खत नाही. मासे काढायच्या महिनाभर आधी खत बंद, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही.

काठावर कापणं, तळ्यात धुणं

वर्षभर जिवापाड सांभाळलेला मासा लोक शेवटच्या दोन तासांत खराब करतात, हे बघून जीव तुटतो. जाळं ओढलं की काठावरच्या चिखलात मासे टाकतात, तिथंच पोट फाडतात, त्याच तळ्याच्या पाण्यात बुचकळतात आणि घाण तळ्यात फेकतात. मग युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून, बर्फाशिवाय, दुचाकीला बांधून भर उन्हात बेळगाव. उबेत ई-कोलायसारखा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. उरलेलं गणित ज्याचं त्यानं करावं.

माझी पद्धत अशी. आदल्या दिवशी खाद्य बंद, म्हणजे आतडं रिकामं राहतं आणि कापताना घाण मांसाला लागत नाही. जाळं पहाटे पाचला. मासा काढला की सावलीत, ताडपत्रीवर. धुवायला बोअरचं पाणी ड्रममध्ये वेगळं भरलेलं. तळ्याचं पाणी कापलेल्या माशाला लागू द्यायचं नाही. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ. जितका मासा तितकाच बर्फ. पेटीच्या खालच्या भोकातून वितळलेलं पाणी निघून गेलं पाहिजे, नाहीतर खालचा थर त्या रक्ताळ पाण्यात भिजत राहतो. बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, हे कारखान्यात विचारून घ्यायचं. बर्फाचे पैसे वाचवणाऱ्यानं हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या थोडक्यात

चुना विसरू नका. आपल्याकडची लाल माती आंबट. तळं भरण्याआधी मी वीस गुंठ्यांना पन्नास किलोपर्यंत चुना पसरतो.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणली की थेट सोडू नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून सोडा. दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ.

ढगाळ दिवशी खाद्य कमी.

दुसऱ्याच्या तळ्यातलं जाळं कडक उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या पाण्यात नाही. मेलेला मासा काठावर कुत्र्यांसाठी टाकू नका, चुना घालून पुरा.

पावसाळ्यात शिवारातलं, गोठ्यातलं पाणी तळ्यात उतरू नये म्हणून बांध उंच ठेवा आणि बाहेरून चर काढा. खानापूरचा पाऊस वर्षाची मेहनत एका रात्रीत घाण करतो.

हाताला जखम असेल तर मासे हाताळू नका, माणसालाही हे जिवाणू लागतात. आणि घरी ज्या विळीवर मासा चिरला, ती साबण आणि गरम पाण्यानं धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा-काकडी नाही. आमटीतला मासा उकळून निघतो, कोशिंबीर कच्चीच खातात.