जुनी शास्त्रभाष्यं मोबाईलवर आणताना या चुका टाळा

अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला या भागांत सेवेसाठी फिरणाऱ्या पाळकाला मॅथ्यू हेन्रींच्या बायबलवरच्या भाष्याचे सहा जाड खंड पिशवीत घालून नेता येत नाहीत. मोबाईलमध्ये नेता येतात, आणि रेंज नसतानाही उघडतात. म्हणूनच सोलापुरात मंडळीतली संगणकाची जाण असलेली मुलं कॉपीराइट संपलेली भाष्यं मायसोर्ड, ई-सोर्ड यांसारख्या बायबल-वाचनाच्या ॲपसाठी तयार करायला बसतात. त्यांचा बराचसा वेळ फॉन्ट, शीर्षकांचे रंग आणि मुखपृष्ठावर जातो. बिघाड मात्र बहुतेक वेळा वचनाच्या पत्त्यात, म्हणजे टीप कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या अध्यायाला आणि वचनाला जोडली त्यात, निघतो. वाचक ज्या वचनावर बोट ठेवतो, त्याच वचनाची टीप समोर आली पाहिजे. ती आली नाही तर बाकी सगळी सजावट वाया.

लेखक वारला, पण अनुवादकाचं काय?

भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १९०६ साली वारले, त्यामुळे त्यांच्या लेखनाबद्दल प्रश्नच नाही. घोळ होतो तो अनुवादात. धर्मसुधारक कॅल्विन १५६४ साली गेले म्हणून त्यांच्या भाष्याचा कोणताही अनुवाद मोकळा होत नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद खुशाल घ्या, पण चाळीस वर्षांपूर्वी कुणी मराठीत केला असेल तर त्याचे हक्क अनुवादकाकडे किंवा प्रकाशकाकडे असतात. कपाटातलं पुस्तक पिवळं पडलंय, मुखपृष्ठ फाटलंय, म्हणून ते सार्वजनिक झालं असं कायदा मानत नाही.

याच्या जोडीला आणखी एक चूक होते. जुन्या भाष्यात उद्धृत केलेली वचनं काढून त्या जागी आजच्या पवित्र शास्त्रातली वचनं चिकटवली जातात. आजच्या आवृत्तीचे हक्क तिच्या प्रकाशकाचे, हा एक भाग. दुसरं म्हणजे भाष्यकार ज्या शब्दावर पानभर बोलतो तो शब्दच नव्या वचनात नसतो, आणि वाचक गोंधळतो. उद्धृत वचन जसं आहे तसंच ठेवा.

कोणती आवृत्ती, ते आधी ठरवा

जेमिसन, फॉसेट आणि ब्राउन या तिघा भाष्यकारांच्या नावाने दोन वेगवेगळी पुस्तकं आहेत. एक १८७१ चं आटोपशीर, दुसरं सहा खंडांचं विस्तृत. इंटरनेटवर सर्रास फिरतं ते आटोपशीर. पहिली फाईल एकातून, दुसरी दुसऱ्यातून असं करून कुणी मॉड्यूल (ॲपमध्ये टाकायची भाष्याची फाईल) बांधलं तर उत्पत्तीवर पानं भरून आणि रोमकरांवर चार ओळी, असा विचित्र तोल होतो. मॅथ्यू हेन्रींचंही तसंच: ते १७१४ साली वारले तेव्हा भाष्य प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच झालं होतं. रोमकरांस पत्रापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग त्यांच्या टिपणांच्या आधारे इतर पाळकांनी पुरा केला. मॉड्यूलच्या माहितीत हे एका ओळीत नोंदवावं, नाहीतर प्रवचनात "हेन्री म्हणतात" असं दुसऱ्याचंच वाक्य जाईल.

स्कॅनमध्ये सगळ्यात आधी अनुस्वार जातो

जुन्या मराठी छपाईत "त्यानें", "पुस्तकें", "घरांत" असे टिंबांचे थवे असतात. पान निव्वळ काळं-पांढरं करून स्कॅन केलं की ही टिंबं कागदावरच्या डागांबरोबर पुसली जातात. राखाडी छटेत आणि किमान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. मोबाईलने फोटो काढणार असाल तर खिडकीचा उजेड एका बाजूने पडू देऊ नका. शिलाईकडच्या वळणात ओळीचे शेवटचे दोन शब्द सावलीत जातात, आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, तिथे मनाला येईल ते लिहितं. सोलापूरच्या उन्हाळ्यात जुना कागद आणखी ठिसूळ होतो. असं पुस्तक जबरदस्तीने सपाट करू नका, पानाचा थोडा बाक चालवून घ्या.

पुढचा मोह म्हणजे शुद्धलेखन "आधुनिक" करणं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकात "देवानें" असतं, आणि आजचा वाचक "देवाने" शोधतो तेव्हा शोधात काहीच सापडत नाही. अडचण खरी आहे. पण सरसकट "शोधा आणि बदला" चालवून टिंबं उडवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जुन्या लेखनात "मंदिरांत" हे एका मंदिराबद्दलही असतं आणि अनेकांबद्दलही. आजच्या लेखनात एकासाठी "मंदिरात", अनेकांसाठी "मंदिरांत". कुठे कोणतं, हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. "त्यांचा" मधलं टिंब उडालं तर बारा शिष्यांचा एक शिष्य होतो. माझं मत विचाराल तर दोन मॉड्यूल करावीत: मूळ लेखनाचं एक आणि माणसाने वाचून सुधारलेलं दुसरं, नावातच फरक सांगणारं. मनुष्यबळ नसेल तर पहिलंच ठेवा. अर्धवट सुधारलेल्या मजकुरावर पुढे कुणालाच भरवसा ठेवता येत नाही.

डीटीपीच्या फाईली

बऱ्याच मंडळ्यांकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर पडून आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मोबाईलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते, हे डोळ्यांना लगेच दिसतं. न दिसणारी चूक "ऱ्य" ची. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच. पण फाईलमध्ये एक रीत आणि कळफलकावर दुसरी असली, तर "पेरणाऱ्याचा दृष्टांत" शोधणाऱ्याला शून्य निकाल मिळतात आणि तो म्हणतो, भाष्यात हा दृष्टांतच नाही. मॉड्यूल बांधण्यापूर्वी सगळा मजकूर एकाच रीतीवर आणा.

पत्ता चुकतो तो इथे

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक वचनगटांची. हेन्री वचन १ ते ५ मिळून एकच टीप लिहितात. रूपांतर करणारा ती वचन १ ला जोडतो, आणि वचन ३ वर असलेल्याला कोरा पडदा दिसतो. ई-सोर्ड आणि मायसोर्ड दोन्हींत "कुठून" आणि "कुठपर्यंत" असे वेगळे रकाने आहेत. दोन्ही भरा. तीच टीप पाच वेळा चिकटवू नका; शोधात एकच परिच्छेद पाचदा येतो.

इंग्रजी भाष्यांत अध्याय रोमन आकड्यांत असतात. त्यात चाळीससाठीची एक्स-एल ही जोडी आणि अकरासाठीची एक्स-आय ही जोडी ओसीआरला सारखीच वाटते. यशया ४० चा संदर्भ यशया ११ वर जातो, आणि दोन्ही अध्याय खरेच असल्याने संगणक तक्रार करत नाही. काही ठिकाणी चोरी पकडता येते: यशया ११ मध्ये १६ वचनं आहेत, ४० मध्ये ३१. म्हणून प्रत्येक अध्यायाच्या वचनसंख्येचा तक्ता करा आणि त्यापलीकडचे सगळे संदर्भ वेगळे काढा. "यशया ११:३१" तिथे लगेच सापडेल. त्याहून लहान आकड्यांचे मात्र मूळ पानाशी ताडून पाहावे लागतात, त्याला पर्याय नाही.

मराठी मजकुरात विसर्ग आणि अपूर्णविराम यांची सरमिसळ असते. "योहान ३ः१६" मध्ये टाईप करणाऱ्याने विसर्ग वापरला आणि "योहान ३:१६" मध्ये दोन टिंबं. दुसऱ्याची लिंक तयार होते, पहिल्याची होत नाही. दोन आकड्यांच्या मध्ये आलेला विसर्गच तेवढा बदला, नाहीतर "दुःख" मधलाही जाईल. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल झालेली नाही ना, तेही याच फेरीत पाहा.

संक्षेपांनी तर जीव नकोसा होतो. "यो." म्हणजे योहान, योना की योएल? "फिलि." हे फिलिप्पैकर की फिलेमोन? प्रत्येक भाष्यकाराची स्वतःची पद्धत असते, ती पुस्तकाच्या सुरुवातीच्या यादीतून उचला, अंदाजाने ठरवू नका. "वचन ५ पाहा" एवढंच लिहिलेलं असेल तर ते चालू अध्यायातलं, हेही यंत्राला सांगावं लागतं. ओबद्या, फिलेमोन, २ योहान, ३ योहान आणि यहूदा ही एकेका अध्यायाची पुस्तकं; "यहूदा ९" हे यंत्र नववा अध्याय समजतं.

राहिला हिब्रू क्रमांकाचा प्रश्न. डेलिच या जर्मन भाष्यकारांचं स्तोत्रांवरचं भाष्य हिब्रू मोजणीने चालतं, जिथे स्तोत्राचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. त्यामुळे स्तोत्र ५१ चं आपलं पहिलं वचन तिथे तिसरं ठरतं. योएलचे हिब्रूत चार अध्याय आहेत, आपल्याकडे तीन. मलाखीचं उलट, आपल्याकडे चार आणि तिथे तीन. योएल २:२८, म्हणजे पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राने वापरलेला उतारा, हिब्रूत ३:१ आहे. एवढी तीन ठिकाणं उघडून पाहिली तरी मोजणी कोणती आहे ते कळतं.

फाईल उघडतच नाही

मायसोर्डच्या भाष्यफाईलीचं शेपूट "डॉट सीएमटी डॉट मायबायबल" असं असतं. मायबायबल नावाचं ॲप मात्र संपूर्ण वेगळं आहे, त्याची फाईल वेगळी. नावावरून फसून एकाची फाईल दुसऱ्यात टाकणारे बरेच. दोन्ही आतून एसक्यूलाइट या एकाच डेटाबेस प्रकारातल्या असल्याने तक्ता थेट उचलून डकवण्याचाही मोह होतो. पण मायसोर्डमध्ये पुस्तकं १ ते ६६ मोजतात, मत्तय ४०. मायबायबलमध्ये उत्पत्ती १० आणि मत्तय ४७०. क्रमांक बदलल्याशिवाय टीप कुठेच दिसणार नाही.

फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर आधी झिप करा. जुन्या प्रती ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि दुरुस्त केलेली चूक पुन्हा तक्रार म्हणून परत येते. म्हणून मायसोर्डच्या माहितीतक्त्यात आवृत्तीचा क्रमांक, तारीख, मूळ पुस्तकाचं छपाईवर्ष आणि मुद्रितशोधन कुठल्या पुस्तकापर्यंत झालंय ते लिहा. तक्रार आली की वाचकाला पहिला प्रश्न तोच विचारा: तुमच्याकडे आवृत्ती कितवी?