फाईल सिस्टिममधील एमएमॅपचा कोड सोपा करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामाकडे वळणारी मुले मेहनती आहेत, पण एमएमॅपचा, म्हणजे फाईल मेमरीला जोडून तिच्यात थेट वाचण्या-लिहिण्याच्या सोयीचा, कोड सोपा करायला दिला की बहुतेकांचे लक्ष किती ओळी कमी झाल्या याकडेच असते. ओळी कमी होऊ शकतात, हे खरे आहे. लिनक्समध्ये पेज कॅशमधून, म्हणजे फाईलचे तुकडे (पेज) मेमरीत ठेवणाऱ्या साठ्यातून, पेज शोधून देण्याचे आणि ते नसल्यास डिस्कवरून वाचून आणण्याचे काम फाईलमॅप_फॉल्ट हे तयार फंक्शन चोख करते, त्यामुळे साध्या फाईल सिस्टिमला स्वतःचा फॉल्ट हँडलर (प्रोग्रॅमने हात लावलेले पेज जोडलेले नसल्यास चालणारे फंक्शन) लिहिण्याची गरज क्वचितच पडते. नुकसान होते ते पेज_एमकेराइट, म्हणजे पेजवर पहिल्यांदा लिहिले जाताना बोलावले जाणारे फंक्शन, हेही त्याच झपाट्यात तयार फंक्शनवर सोपवल्याने.

उद्यमबागेतील एका फौंड्रीत भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम होता. तो फाईलचा आकार आधीच मोठा करून ठेवत असे आणि एमएमॅप करून तिच्यात लिहीत असे. आकार वाढवला तरी डिस्कवरचे ब्लॉक मिळालेले नसतात, फाईलमध्ये पोकळी असते. मूळ कोडमधील पेज_एमकेराइट पेजवर पहिल्यांदा लिहिताना ब्लॉक राखून ठेवत असे. कोड आटोपशीर करणाऱ्याने त्या जागी फाईलमॅप_पेज_एमकेराइट बसवले, जे फाईलची वेळ बदलते आणि पेजवर डर्टी, म्हणजे डिस्कवर लिहायचे बाकी, अशी खूण करते, परंतु ब्लॉक मागत नाही. डिस्क भरली तेव्हा प्रोग्रॅमला काहीच कळले नाही. स्क्रीनवर आकडे बरोबर दिसत राहिले, कारण ते मेमरीतून येत होते, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्या दिवसाच्या उत्तरार्धातील नोंदींच्या जागी शून्ये निघाली. जागा नसल्याची त्रुटी राइटबॅकच्या, म्हणजे पेज डिस्कवर लिहिण्याच्या, वेळी नोंदली गेली होती, मात्र ती एमसिंक किंवा एफसिंक (बदल डिस्कवर पोहोचवायला सांगणारे कॉल) केल्यावरच कळते आणि प्रोग्रॅम त्यांपैकी काहीच करत नव्हता. मूळ फंक्शन परत बसवल्यावर डिस्क भरताच, लिहिण्याच्या क्षणीच सिगबस हा प्रोग्रॅम बंद पाडणारा सिग्नल येऊ लागला. प्रोग्रॅम बंद पडणे वाईट दिसते, पण खोट्या नोंदींपेक्षा ते कितीतरी बरे. म्हणून असा कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी मी 64 एमबीची लूप डिव्हाइस (डिस्क म्हणून वापरलेली फाईल) काठोकाठ भरतो आणि पोकळी असलेल्या फाईलमध्ये एमएमॅपमधून लिहून पाहतो.

दुसरी चूक घाईने सुरक्षितता मिळवण्याची आहे. ट्रंकेट (फाईल कापून छोटी करणे) आणि फॉल्ट एकाच वेळी आले तर घोळ होतो हे कळले, की नवशिके फॉल्ट हँडलरमध्ये आयनोडचा (फाईलच्या कर्नलमधील नोंदीचा) लॉक घेऊन मोकळे होतात. आता एखाद्या प्रोसेसने फाईल एमएमॅप केली आणि मॅप केलेला तोच भाग त्याच फाईलच्या राइट कॉलला बफर म्हणून दिला, तर राइट आधी आयनोडचा लॉक घेते, मग बफर वाचू लागते, पेज मेमरीत नसल्याने फॉल्ट येतो आणि हँडलर तोच लॉक मागत कायमचा थांबतो. दोन थ्रेड असतील, तर एकाकडे एमएमॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचा लॉक) आणि दुसऱ्याकडे आयनोडचा लॉक राहून दोघेही अडकतात. या कामासाठी इनव्हॅलिडेट_लॉक आहे, 5.15 या आवृत्तीपासून तो सर्व फाईल सिस्टिमना एकाच ठिकाणी मिळतो, आणि फॉल्टच्या बाजूने तो वाचनासाठी, म्हणजे सामायिक, घ्यायचा असतो. लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारे कर्नलमधील साधन) चालू नसलेल्या कर्नलवर केलेली चाचणी मी चाचणी मानत नाही, कारण लॉकचा उलटा क्रम मशीन प्रत्यक्ष अडकण्याआधी तोच दाखवून देतो. त्याने कर्नल हळू चालतो ही तक्रार ऐकून घेण्यासारखी नाही.

पेज लॉक केल्यानंतर त्याचे मॅपिंग पुन्हा तपासणारी ओळ दुबार वाटते म्हणून काढू नका. लॉकची वाट पाहत असताना ट्रंकेटने ते पेज फाईलपासून तोडलेले असू शकते.

फाईलच्या शेवटच्या पेजमधील उरलेला भाग शून्य करणेही वगळू नका. फाईल 5000 बाइटची आणि पेज 4096 बाइटचे असेल, तर दुसऱ्या पेजमधील 3192 बाइट फाईलच्या बाहेरचे असतात. एमएमॅप करणारा तेथे बिनदिक्कत लिहू शकतो, म्हणून ते पेज डिस्कवर पाठवताना एकदा आणि पुढे फाईल वाढवताना पुन्हा एकदा तो भाग पुसावा लागतो, नाहीतर तेथील कचरा वाढलेल्या फाईलमध्ये मजकूर म्हणून वाचला जातो.