आरोग्याची आश्वासनं ऐकून कंटाळलात? मत द्यायच्या आधी ती अशी तपासा

निवडणूक आली की कोपराला गूळ लावायला सगळेच पक्ष पुढे, आणि त्यात फुकट उपचार, नवीन हॉस्पिटल हा गूळ सगळ्यात गोड. मग पाच वर्षांनी आपण म्हणतो सगळे सारखेच, मत देऊन काय होणारे. वैताग बरोबरच आहे, पण तिथेच थांबलो की त्यांचंच फावतं.

तर पहिलं म्हणजे जाहीरनाम्यातलं मूळ वाक्य सेव्ह करून ठेवा, बातमीतलं नको. आणि नीट वाचा. ‘सक्षम करू’, ‘भर देऊ’ असलं काही असेल तर सोडून द्या, ते मोडलं असं कधी सिद्धच करता येत नाही. आकडा आणि साल असेल तरी खोदून बघायचं. ब्रिटनमध्ये 2019 ला सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षवाले 40 नवीन हॉस्पिटलं 2030 पर्यंत देतो म्हणाले, नंतर कळलं की जुन्याच हॉस्पिटलला नवीन विंग बांधली तरी ते ‘नवीन’ मध्येच मोजणार, आणि 2030 ची मुदतही गेली पुढे.

आता पैसा, इथे जरा वेळ द्या कारण खरी गोम इथेच असते. भारताच्या 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के करू, झाला नाही. हे आधीच कळतं का? बऱ्यापैकी कळतं. केंद्राच्या बजेटमध्ये एका खात्यासमोर वेगवेगळे आकडे असतात, अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला), सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना बदललेला) आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात आणि हेडलाईनमध्ये येतो तो पहिला. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी छापून येतो, म्हणजे 2023-24 चा 2025-26 च्या बजेटमध्ये, आणि तोवर कोणाला आठवतंय? तुम्ही फक्त तेवढ्या एका ओळीचे आकडे शेजारी शेजारी लिहा, घोषणा किती आणि खर्च किती ते लगेच दिसतं.

बिल्डिंगच्या उद्घाटनाला भुलू नका. बिल्डिंग एकदाच बांधायची असते पण नर्स, डॉक्टर, टेक्निशियनचा पगार दर महिन्याला लागतो, म्हणून पदं मंजूर किती आणि भरलेली किती हे विचारायचं. फीत कापायला काय, कोणीही येतं.

शिवाय देणाऱ्याच्या हातात ते आहे का हेही बघा. अमेरिकेत ओबामांचा 2010 चा आरोग्य कायदा रद्द करू म्हणून रिपब्लिकन पक्षाने वर्षानुवर्षं मतं मागितली, सत्ता मिळाली, तरी जुलै 2017 मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, ते बिल 49 विरुद्ध 51 ने पडलं, कारण त्याजागी आणायचं काय यावर त्यांचंच एकमत नव्हतं. भारतात हॉस्पिटलं हा राज्याचा विषय, म्हणजे खासदारकीचा उमेदवार हॉस्पिटल देतो म्हणाला तर राज्य सरकार काय म्हणतंय ते आधी विचारा.

सगळंच खोटं असतं असंही नाही हं. थायलंडमध्ये 2001 च्या निवडणुकीत एका पक्षाचे लोक 30 बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) उपचार देऊ म्हणाले आणि 2002 पर्यंत देशभर सुरूही केलं. पण तिथे ग्रामीण हॉस्पिटलांचं जाळं आधीच होतं आणि आरोग्य खात्यातल्या लोकांनी आराखड्यावर बरंच आधीपासून काम केलेलं.

उमेदवार दारात आला की भांडू नका, फक्त विचारा, पहिल्या वर्षी कुठल्या खात्यातून किती पैसे काढणार आणि किती पदं भरणार? उत्तर त्याच्यासमोरच तारखेसकट लिहून घ्या, किंवा परवानगी घेऊन सरळ व्हिडिओ करा.