बॅले बसवायचाय? आधी टेबलावर बसवा
आधी गोष्ट आणि संगीत, स्टेप्स नंतर. 1890 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये स्लीपिंग ब्यूटी हा बॅले आला ना, त्यासाठी नाच बसवणाऱ्या मारियस पेटिपाने संगीतकार चायकोव्हस्कीला चक्क यादीच लिहून दिलेली, इथे इतके बार (म्हणजे संगीताची आवर्तनं), इथे लय अशी, इथे हिची एन्ट्री, आणि घरी टेबलावर छोट्या बाहुल्या मांडून कोण कुठे उभं राहणार ते ठरवायचा, मग तालीम. तुम्ही बाहुल्यांऐवजी बटणं घ्या, चालतंय. ग्रुपच्या रांगा न आखता हॉलमध्ये गेलात की सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

तालमी पियानोवरच होतात, ऑर्केस्ट्रा अगदी शेवटी येतो आणि तेव्हा टेम्पो (संगीताचा वेग) हमखास हलतो, म्हणून कंडक्टरला आधीच एकदोनदा तालमीला बसवा. टूटूही, म्हणजे बॅलेरिनाचा जाळीचा ताठ स्कर्ट, लवकर घालायला लावा, तो आडवा पसरला की पार्टनरला तिचे पायच दिसत नाहीत, लिफ्ट (तिला उचलणं) गडबडते.

कंटेम्पररीत, म्हणजे आधुनिक नाचात, उलटंही चालतं. नाच बसवणारा मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज, यांचा नाच आणि संगीत वेगवेगळं तयार व्हायचं, एकत्र यायचं ते बऱ्याचदा थेट प्रयोगातच! ऐकायला भारी, पण डान्सर्सना संगीताच्या आधाराशिवाय वेळ धरता यायला हवी, नवख्या ग्रुपने नादी लागू नये.